दर दोन तासांनी कूस बदला, हे आलं कुठून?

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला घरी सोडताना सिस्टर हमखास सांगतात, दर दोन तासांनी कूस बदला नाहीतर बेडसोअर (एका जागी पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमा) होतील. आता हे ऐकून वाटतं की कायमच असंच करत असतील, पण कसलं काय, शंभर वर्षांपूर्वी भलेभले डॉक्टरसुद्धा माकडहाडावर काळी जखम दिसली की हात टेकायचे.

यात शार्कोचा वाटा मोठा. हा १९व्या शतकातला पॅरिसचा दादा न्यूरॉलॉजिस्ट, आणि त्याचं म्हणणं असं की मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की नसांच्या बिघाडामुळेच कातडी सडते, म्हणजे शुश्रूषा कितीही करा, व्हायचं ते होणारच. खरं तर त्याच्या आधीच, १८५०च्या दशकात, ब्राउन-सेकार या डॉक्टरने प्राण्यांवर दाखवून दिलं होतं की दाब पडू दिला नाही आणि अंग स्वच्छ ठेवलं तर जखमा टळतात. १८५९ला फ्लोरेन्स नाइटिंगेलनेही लिहिलं की बेडसोअर हा बहुतेक वेळा आजाराचा नाही, नर्सिंगचा दोष. (एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड मारला तर दोष कोणाचा, ते तिने लिहायला हवं होतं!) पण वजन शार्कोच्या नावाला होतं.

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक गेले ते या जखमांच्या आणि लघवीच्या इन्फेक्शनने. चित्र बदललं १९४४ला. नाझी जर्मनीतून पळून आलेल्या लुडविग गुटमन या ज्यू डॉक्टरकडे इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलचा स्पायनल वॉर्ड आला आणि त्याने नियमच केला, दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी पेशंट वळवायचा. रात्री स्वतः राउंड मारून बघायचा म्हणे. पेनिसिलिनची मदत झाली हे खरं, पण माणसं जगायला लागली. नुसती जगली नाहीत, १९४८ला त्याच हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड जिंकलं ते याच स्पर्धेत.

पुढे १९५९ला कोसियाक या डॉक्टरने कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यात दिसलं की जास्त दाब थोडा वेळ किंवा कमी दाब जास्त वेळ, दोन्हीने मांस मरतं. १९६२ला डोरीन नॉर्टन या नर्सने धोका कोणाला जास्त ते ओळखायला २० मार्कांचा तक्ता काढला, १४ किंवा कमी आले तर सावध. आता जास्त करून १९८७चा ब्रेडन स्केल हा तसाच तक्ता वापरतात.

आपल्याकडे स्पिरिट चोळून पावडर लावायची सवय अजून गेलेली नाही. हाडावर लाल झालेली जागा चोळू नये असं आता सांगतात, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. भोक असलेली रिंगची उशीही नको, कडेचा दाब उलट वाढतो.

आणि ते दोन तास? २०१३ला अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये दोन, तीन, चार तासांची तुलना केली तर फारसा फरक दिसला नाही. पण तिथे सगळ्यांना चांगल्या फोमच्या गाद्या होत्या, तेव्हा घरच्या दबलेल्या कापसाच्या गादीवर लगेच चार तासांवर जाऊ नका.