कुडाच्या भिंतीवरून पुस्तकाच्या पानावर

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी लोककलेकडे वळणारे बहुतेकजण पहिल्यांदा वारली चित्रांशी थांबतात. त्रिकोणी माणसं उचलणं सोपं असतं. खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे ती त्या चित्रांनी निसर्ग पाहण्याची रीत, आणि ती समजायला भिंतीपासून सुरुवात करावी लागते.

कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालायचा आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं रेघ ओढायची. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवाष्णी अशी भिंत सजवत. मधल्या चौकोनी चौकटीत, म्हणजे चौकात, पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव, आणि चौकाबाहेर झाडं, जनावरं, माणसं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुळकर्णी या भागात आले, तेव्हा भिंतीवरचं हे काम कागदावर उतरू लागलं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी लग्नविधीची चौकट ओलांडून शेती, मासेमारी, रोजची कामं काढली. त्यांचं मासे पकडण्याचं जाळं पाहा: बारीक रेघांनी विणलेलं, जवळजवळ अख्खा कागद व्यापणारं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांच्या पुस्तकाला लागणारी ‘गोष्ट’ या टप्प्यावर चित्रात आली, असं आम्हाला वाटतं.

चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेनं २००९मध्ये वारली चित्रकारांसोबत क्रियापदांचं पुस्तक काढलं, तपकिरी क्राफ्ट कागदावर स्क्रीन छपाई करून, म्हणजे बारीक जाळीतून शाई दाबून. विषयाची निवड अचूक होती. वारली माणसाच्या चेहऱ्यावर डोळे-तोंड नसतं, सगळी क्रिया कमरेशी भिडलेल्या दोन त्रिकोणांच्या कोनात असते. वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो, ओढतो, नाचतो. नक्कल करणारे दोन्ही त्रिकोण सरळ रेषेत ठेवतात आणि सगळी माणसं खांबासारखी उभी राहतात.

कागदाची निवडही नुसत्या हौसेपोटी नाही. नेहमीच्या चार रंगांच्या ऑफसेट छपाईत पांढरी शाई नसते. पांढरी रेघ म्हणजे शाई न लागलेला कागद. गेरूचा रंग चार शायांतून जुळवला आणि एखादी शाई जराशी सरकली, की बारीक रेघ बुजते किंवा तिला रंगीत कड येते. मूळ चित्रातली १ मिमीची रेघ पाव आकारात पाव मिमीच उरते, तिथे सरकायला जागाच नाही. म्हणून चित्र छापायच्या मापातच काढावं, आणि गेरूसाठी एकच खास शाई वापरावी किंवा तपकिरी कागदावर स्क्रीननं पांढरं छापावं.

दुसरी अडचण मांडणीची. भिंतीला क्षितिज नसतं, नजर कुठूनही शिरते. पुस्तक मात्र डावीकडून उजवीकडे उलगडतं. सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (एक मोठा कागद छापून, घड्या घालून होणारा पानांचा गठ्ठा), म्हणजे ३२ पानं. शीर्षक आणि श्रेयनामावली वजा जाता साधारण १२ ते १४ जोडपानं, म्हणजे उघड्या पुस्तकात समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्या, हाती राहतात. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती चालणाऱ्या नाचाचं वेटोळं जोडपानावर भर मध्यात ठेवलं, तर तारपा वाजवणारा नेमका शिवणीत जातो. वेटोळ्याचा मध्य उजव्या पानावर, शिवणीपासून निदान दोन बोटं दूर घ्यावा आणि नाचणाऱ्यांची मोकळी शेपटी डाव्या पानावर सोडावी. हातात हात गुंफलेल्या त्या साखळीवरून मूल बोट फिरवत तारप्यापर्यंत पोहोचतं.