रेडिएशनच्या दिवसांत तोंड येते तेव्हा

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा उपनगरातल्या एखाद्या नातेवाइकाकडे राहून तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्यांचा मुक्काम सहसा सहा-सात आठवड्यांचा असतो. दररोज साधारण २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आठवड्यातून ५ दिवस, अशा ३० ते ३५ खेपा होतात. यंत्राखालची काही मिनिटे मुळीच दुखत नाहीत आणि पहिला आठवडाही बरा जातो. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गालाची आतली बाजू लालबुंद होते, वरणातले मीठसुद्धा झोंबू लागते आणि पुढे पांढुरक्या थराचे व्रण दिसतात. अशा वेळी ‘शेक सोसत नाही, दोन दिवस जाऊ नकोस’ असे घरचे लोक मायेपोटी म्हणतात. हा सल्ला घातक आहे, कारण उपचारात खंड पडला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

तोंड येणे हे उपचार चुकल्याचे लक्षण नव्हे. तोंडाच्या आतले नाजूक अस्तर एक-दोन आठवड्यांत झिजून नव्याने तयार होत असते, म्हणजे तिथल्या पेशी सतत विभागत असतात, आणि रेडिएशनचा घाव विभागणाऱ्या पेशींवरच अधिक बसतो. जुना थर झिजतो, नवा वेळेवर येत नाही. त्यातच लाळग्रंथींवर मारा झाल्याने लाळ घट्ट व कमी होते आणि अस्तराचे नैसर्गिक संरक्षणही जाते.

म्हणून चुळा दुखू लागण्याआधी, पहिल्या दिवसापासूनच भराव्यात. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालावा, बाटली सोबत ठेवावी, दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर ते पाणी तोंडात हळूहळू खळखळवून थुंकावे आणि रोज ताजे करावे. बाजारातली अल्कोहोल असलेली माउथवॉश टाळावीत. ब्रश अगदी मऊ हवा. तंबाखू, मिश्री, सुपारी पूर्ण बंद; ‘मिश्रीने दात साफ राहतात’ ही समजूत या दिवसांत फार महागात पडते.

खाण्याबद्दल मला थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते. उपचारापूर्वी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवली जाते आणि तिचा घट्ट मुखवटा बनतो. रोज तोच लावून किरणांचा नेम धरतात. वजन फार घटले की मुखवटा सैल होतो, नेम हलू शकतो आणि कधी तो नव्याने बनवावा लागतो. म्हणजे पोटात गेलेला प्रत्येक घास उपचाराचाच भाग आहे. मिक्सरमधून काढलेला तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाचे बिनतिखट वरण, दुधातले नाचणीचे सत्त्व, पातळ शिरा, कुस्करलेले केळे, मऊ उकडलेले अंडे, असे थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा, कोमट किंवा गार करून द्यावे. ठेचा, लोणचे, लिंबू, कडक भाकरी, वाफाळता चहा काही महिने दूर राहू द्यावा.

दुखणे अंगावर काढू नये. बेन्झिडामिन या दाह-वेदना कमी करणाऱ्या औषधाच्या चुळा, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची वेदनाशामके, गरज पडल्यास मॉर्फिनसुद्धा डॉक्टर देतात. वेदनेपुरते, त्यांच्या देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. काही केंद्रांत कमी शक्तीच्या लेसरचाही उपयोग होतो. पुसल्यास निघणारे पांढरे डाग दिसले तर बुरशीची शंका घ्यावी, तिच्यावर वेगळे औषध लागते. ताप, रक्तस्राव किंवा पाणीही गिळता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अन्न देण्यासाठी नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळाला तर तो पराभव समजू नये. तोंड बरे झाले की ती काढतात.

शेवटची खेप झाल्यावरही पहिले एक-दोन आठवडे दुखणे तसेच राहू शकते, मग बहुतेकांचे व्रण पुढच्या काही आठवड्यांत भरून येतात. कोरडेपणा मात्र कित्येक महिने, काहींना कायमचा राहतो आणि लाळ नसल्याने दात लवकर किडतात. त्यासाठी फ्लोराइड लावावे लागते. पुढे कितीही वर्षांनी दात काढण्याची वेळ आली, तरी जबड्यावर रेडिएशन झाल्याचे दंतवैद्यांना आधी सांगावे, कारण त्या हाडाची जखम सहजी भरत नाही.