दाता वेगळा, मदतनीस वेगळा

गोष्टीत नायकाला वाटेत कुणी भेटलं आणि त्याचं काम सोपं झालं की आपण त्याला सरळ मदतनीस म्हणून मोकळे होतो. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये १०० रशियन परीकथा तपासून पात्रांच्या ७ भूमिका मांडल्या, त्यात मात्र दाता आणि मदतनीस वेगळे आहेत, आणि मला तरी त्याच्या मांडणीतला हाच फरक सगळ्यात कामाचा वाटतो.

दाता आधी नायकाला पारखतो. प्रश्न विचारेल, काम सांगेल, कधी चक्क अंगावर येईल. नायक त्यात टिकला की जादूची वस्तू नाहीतर घोडा वगैरे त्याच्या हाती येतो आणि दात्याचं काम तिथे संपतं. मदतनीसाचं काम पुढे सुरू होतं, म्हणजे नायकाला लांब घेऊन जाणं, पाठलागातून सोडवणं, अशक्य अटी पुऱ्या करून देणं.

सिव्का-बुर्का या जादूच्या घोड्याची रशियन गोष्ट घ्या. बाप मरताना तिन्ही मुलांना सांगतो की माझ्या थडग्यापाशी एकेक रात्र येऊन बसा, थोरले दोघं टाळतात, धाकटा इवान तिन्ही रात्री एकटाच जातो आणि बाप खूश होऊन त्याला घोडा देतो, पुढे त्याच घोड्यावरून उंच उडी मारून इवान राजकन्येपर्यंत पोचतो. बाप दाता, घोडा मदतनीस, एकदम स्वच्छ.

गोंधळ होतो तो एकच पात्र दोन्ही कामं करतं तेव्हा. मला मारू नको, कधीतरी उपयोगी पडेन म्हणणारा प्राणी बघा, दयेची परीक्षा घेतो तेव्हा तो दाता, नंतर स्वतःच धावून येतो तेव्हा मदतनीस. म्हणून पात्राचा स्वभाव बघायचाच नाही, त्या वेळी ते काय करतंय तेवढं बघायचं. रशियन गोष्टींतली चेटकीण बाबा यागा एका गोष्टीत पोरांना भट्टीत घालायला निघते, दुसरीत घोडा देते. अल्लादीनचा जादूगार तर खलनायकच, पण गुहेत उतरवण्याआधी अंगठी तोच त्याच्या बोटात घालतो आणि त्या अंगठीचा जिन्नच अल्लादीनला बाहेर काढतो!

ग्रेमास या फ्रान्समधल्या अभ्यासकाने १९६६ मध्ये प्रॉपच्या भूमिका सहावर आणल्या तेव्हा दाता आणि मदतनीस एकाच खान्यात टाकले. आकृती सुटसुटीत झाली खरी, पण मला ते पटत नाही, कारण त्यात परीक्षाच दिसेनाशी होते, आणि धाकट्या इवानलाच घोडा का मिळाला, भावांना का नाही, याचं उत्तर तर त्या परीक्षेतच आहे.