हिरव्या पट्ट्यातलं डेटा सेंटर आणि ‘ग्रे बेल्ट’ या शब्दाची भानगड

लंडनच्या आजूबाजूला मोकळ्या शेतजमिनीवर मोठमोठी डेटा सेंटर्स (इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या इमारती) उभारायचे प्रस्ताव गेली काही वर्षं एकामागून एक येतायत, आणि प्रत्येक वेळी भांडण फिरून फिरून एकाच जागी येतं की ही जमीन नक्की कुठल्या रंगाची. बातम्यांमध्ये ग्रीनफिल्ड, ग्रीन बेल्ट, ब्राउनफिल्ड, ग्रे बेल्ट हे सगळे शब्द एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात, म्हणून आधी तेवढं मोकळं करून घेऊ.

ग्रीनफिल्ड म्हणजे ज्यावर आधी काही बांधलेलं नाही अशी जागा, बस. नवी मुंबईच्या विमानतळाला आपण ग्रीनफिल्ड म्हणतो ते त्याच अर्थाने. ब्राउनफिल्ड म्हणजे जिथे आधी कारखाना, डेपो, गोडाऊन असं काहीतरी होऊन गेलंय. ही दोन्ही जमिनीची वर्णनं झाली. ग्रीन बेल्ट ही मात्र नकाशावर मारलेली रेघ आहे. त्या रेघेच्या बाहेर हिरवंगार शेत असू शकतं आणि आत जुना कचरा डेपो असू शकतो, आणि दोन्ही प्रकार तिथे आहेतच. आपल्याकडे गावात ‘जमीन ग्रीन झोनमध्ये आहे का येलो झोनमध्ये’ असं विचारतात तेव्हा कोणी शेतात जाऊन गवत बघत नाही, डीपी म्हणजे विकास आराखडा उघडतात. तसंच हे.

जुना इतिहास थोडक्यात. लंडन पसरत चाललं म्हणून भोवती मोकळा पट्टा राखायची कल्पना १९३० च्या दशकात आली, १९३८ ला त्याचा कायदा झाला, १९४७ च्या नियोजन कायद्याने जमीन कशी वापरायची याचा अधिकार सरकारकडे आला आणि १९५५ च्या एका परिपत्रकाने इतर शहरांनाही असा पट्टा आखायला सांगितलं. त्या परिपत्रकात कारणं तीन होती, पुढे ती पाच झाली. एक, मोठ्या शहरांचा फैलाव रोखणं. दोन, शेजारशेजारची गावं एकमेकांत मिसळू न देणं. तीन, ग्रामीण भागावरचं अतिक्रमण रोखणं. चार, ऐतिहासिक शहरांचा आजूबाजूचा परिसर जपणं. पाच, शहरातल्या पडीक जागांचा आधी वापर व्हावा म्हणून दबाव ठेवणं. यातलं तिसरं कारण लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत तिथेच आहे. आज इंग्लंडच्या साधारण साडेबारा टक्के जमिनीवर ग्रीन बेल्ट आहे आणि त्यात नवीन बांधकाम करायचं तर ‘अतिशय विशेष परिस्थिती’ सिद्ध करावी लागते, हे वाक्य तिथल्या प्रत्येक नियोजन अर्जात तुम्हाला भेटेल.

आता डेटा सेंटरवाले या पट्ट्यात आले कसे. लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं गाव आहे, तिथली औद्योगिक वसाहत १९२० च्या सुमाराची, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी मोटारी दुरुस्त करायच्या डेपोतून निघालेली. इंटरनेटच्या फायबर केबल जवळ, लंडनच्या बँका जवळ, आणि बरीच वर्षं तिथे सोप्या परवानगीची योजना होती म्हणजे ठरलेल्या चौकटीत इमारत बसत असेल तर वेगळा अर्ज करायचीच गरज नाही. त्यामुळे सर्व्हरच्या इमारती एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि तो युरोपातल्या सगळ्यात मोठ्या समूहांपैकी एक झाला. क्लाउडवाल्यांना एकाच भागात दोनतीन वेगवेगळी केंद्रं लागतात, एक पडलं तर दुसऱ्याने लगेच भार उचलायचा, आणि त्यांच्यातलं अंतर फार वाढलं तर डेटाची जुळवाजुळव उशिराने होते. म्हणून नवीन जागा पण स्लावच्या जवळपासच पाहिजे असा आग्रह. वसाहत तर भरलेली. मग नजर पलीकडच्या शेतांवर गेली, आणि ती शेतं ग्रीन बेल्टमध्ये.

विजेचं प्रकरण पण याच सुमाराचं. २०२२ च्या उन्हाळ्यात बातमी आली की पश्चिम लंडनच्या ईलिंग, हिलिंग्डन आणि हौन्स्लो या तीन भागांत नवीन घरांच्या मोठ्या प्रकल्पांना वीज जोडणीसाठी २०३५ पर्यंतसुद्धा थांबावं लागू शकतं, कारण ग्रिडची क्षमता डेटा सेंटर्सनी आधीच बुक करून ठेवलीय. घरांची टंचाई असलेल्या शहरात ही बातमी कशी वाचली गेली असेल ते सांगायला नको.

एक गंमत जाता जाता. तिथल्या जमीनवापराच्या नियमात डेटा सेंटरला बरीच वर्षं स्वतःचा वर्गच नव्हता, बहुतेक अर्ज बी-८ मध्ये जायचे म्हणजे गोदाम आणि वितरण. भिवंडीतलं गोडाऊन आणि क्लाउडची इमारत एकाच रकान्यात. माल काय ठेवलाय एवढाच फरक, आणि हा माल रात्रंदिवस वीज खातो आणि छतावर कूलिंगची यंत्रं घरघरतात.

मुख्य भांडण दोन जागांवरून पेटलं. पहिली बकिंगहॅमशायरमधल्या आयव्हरची, एम-२५ हायवेजवळ, नावातच लँडफिल असलेली म्हणजे जिथे पूर्वी कचरा टाकला जायचा. तिथल्या डेटा सेंटरला स्थानिक कौन्सिलने नकार दिला, प्रकरण अपिलात गेलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाच्या मंत्र्यांनीही नाहीच म्हटलं. डेटा सेंटरची गरज आहे हे मान्य, पण ग्रीन बेल्टचं नुकसान त्याहून जड. दुसरी जागा हर्टफर्डशायरमधल्या ॲबट्स लँगली या गावाला लागून असलेली शेतं, सुमारे ३१ हेक्टर, दोन इमारतींत मिळून ८४,००० चौरस मीटरपर्यंत बांधकाम आणि सोबत लोकांसाठी एक कंट्री पार्क. कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळलं. कचरा डेपोला परवानगी नाही तर शेताला कशी मिळणार, तेव्हा बहुतेकांचा हिशोब हाच होता.

मग जुलै २०२४ ची निवडणूक झाली. नवीन सरकारने पहिल्याच आठवड्यात आयव्हरच्या त्याच जागेसाठी नव्याने केलेल्या अर्जाचं आणि ॲबट्स लँगलीचं अशी दोन अपिलं स्वतःकडे ओढून घेतली, म्हणजे निकाल निरीक्षकाने न देता मंत्र्यांनी द्यायचा. घोषणा केली ती पण अर्थमंत्र्यांनी, नियोजनमंत्र्यांनी नाही. ज्यांना कळायचं त्यांना तेव्हाच कळलं. सप्टेंबरमध्ये डेटा सेंटर्सना अत्यावश्यक राष्ट्रीय पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, वीज आणि पाण्याच्या पंक्तीत. हा दर्जा सायबर हल्ले आणि आपत्तीच्या वेळेसाठी आहे, त्याने नियोजन परवानगी आपोआप मिळत नाही, पण अर्जांमध्ये आणि सभांमध्ये तो असा वापरला जातो की जणू मिळतेच.

आणि आता ‘ग्रे बेल्ट’. हा शब्द निवडणुकीआधी २०२४ च्या वसंतात राजकीय भाषणांतून लोकांसमोर आला. तेव्हा उदाहरणं दिली गेली ती बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची, पडीक कार पार्कची. कोणालाही पटेल असंच होतं, हिरव्या पट्ट्यात डांबर पडलंय तर तिथे घरं बांधा की, हरकत कोण घेणार. मीही तेव्हा मान डोलावली होती.

पण भाषणातला शब्द धोरणात गेला तेव्हा त्याचं काय झालं बघा. जुलै २०२४ च्या मसुद्यात व्याख्या अशी होती की आधी बांधलेली जागा किंवा ग्रीन बेल्टच्या पाच उद्देशांत ‘मर्यादित’ हातभार लावणारी जागा म्हणजे ग्रे बेल्ट. डिसेंबर २०२४ ला अंतिम धोरण आलं त्यात दोन बदल. ‘मर्यादित’ गेलं आणि त्याजागी आलं ‘ठळक हातभार न लावणारी’. म्हणजे आधी जमीन कमी मार्कांची आहे हे दाखवावं लागत होतं, आता फक्त डिस्टिंक्शन नाही एवढं दाखवलं की झालं, मधल्या साठ टक्केवाल्या सगळ्या आत. आणि दुसरा बदल, पाचपैकी तीनच उद्देश तपासायचे, फैलाव रोखणं, शहरं मिसळू न देणं आणि ऐतिहासिक शहरांचा परिसर. ग्रामीण भागावरचं अतिक्रमण, ते तिसरं कारण, या परीक्षेतून सरळ वगळलं.

याचा अर्थ काय होतो ते नीट लक्षात घ्या. ज्या शेताचं ग्रीन बेल्टमध्ये असण्याचं मुख्य कारणच ‘हे शेत आहे आणि शेतच राहावं’ असं होतं त्याला त्या कारणाचे मार्कच नाहीत. गव्हाचं उभं शेत कागदावर ग्रे ठरू शकतं, डांबराचा एक थेंब नसताना. वर फेब्रुवारी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की फैलाव मोजताना खेडी ‘मोठं बांधलेलं क्षेत्र’ धरायची नाहीत आणि मिसळण्याचा मुद्दा शहरांपुरताच, खेड्यांना लागू नाही. दोन खेड्यांच्या मधल्या शेताला आता वाली कोण, हा प्रश्न तिथले लोक विचारतात आणि मला तो रास्त वाटतो.

दुसरी बाजू पण आहे, ती सांगायला पाहिजे. ग्रे ठरलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, गरज सिद्ध करावी लागते, ठिकाण सोयीचं आहे हे दाखवावं लागतं, उरलेल्या ग्रीन बेल्टचा गाभा मोडता कामा नये. निसर्गसंरक्षित वगैरे जागांमुळे नकाराचं भक्कम कारण असेल तर ती जमीन ग्रे धरतच नाहीत. आणि ग्रीन बेल्टच्या नावाखाली कित्येक वर्षं कुठलंच काम पुढे जाऊ द्यायचं नाही हा तिथला प्रकार काही खोटा नाही. फरक एवढाच की ग्रे ठरल्यावर ‘अतिशय विशेष परिस्थिती’ची उंच पायरी चढावी लागत नाही, आणि ती पायरीच तर ७० वर्षं पट्टा राखत होती.

त्याच डिसेंबरच्या धोरणात कौन्सिलांनी कशासाठी जागा शोधून ठेवाव्यात त्या यादीत प्रयोगशाळा आणि बॅटरीच्या महाकारखान्यांबरोबर डेटा सेंटर हे नाव घालून लिहिलं गेलं.

पुढचे निकाल भराभर आले. जानेवारी २०२५ मध्ये पॉटर्स बारजवळ साउथ मिम्सच्या ८५ एकर जागेवरच्या प्रकल्पाला स्थानिक कौन्सिलनेच हो म्हटलं, मंत्र्यांपर्यंत जायची वेळच आली नाही. रहिवाशांनी शेतातल्या ओकच्या झाडावर विरोधाचा बोर्ड लावला, आम्ही रोज जिथे फिरायला जातो ते करडं कसं हा त्यांचा सवाल. मे २०२५ मध्ये ॲबट्स लँगलीला मंत्र्यांनी परवानगी दिली. जुलै २०२५ मध्ये आयव्हरच्या त्याच जुन्या लँडफिलच्या जागेवर, २०२३ ला जिथे नकार मिळाला होता तिथेच, आधीपेक्षा लहान पण ९० मेगावॅटच्या केंद्राला होकार मिळाला. पर्यावरणावरच्या परिणामांचा पूर्ण अभ्यास न करता परवानगी दिली म्हणून दोन संस्था कोर्टात गेल्या, आणि त्यांचा रोख मुख्यतः वीज आणि पाण्यावर होता, जमिनीच्या रंगावर नाही.

ब्राउनफिल्डवर जागाच नाही असं अर्जदार म्हणतात तेव्हा नॉर्थम्बरलँडमधलं कॅमस आठवावं. जुन्या औष्णिक वीजकेंद्राचं कोळसा साठवायचं आवार, मध्ये तिथे बॅटरीचा कारखाना येणार होता तो बुडाला, आता तिथे अवाढव्य डेटा सेंटर मंजूर आहे. पण ते लंडनपासून चारपाचशे किलोमीटर, आणि ‘स्लावच्या जवळच पाहिजे’ हे मान्य केलं की कॅमस यादीत येतच नाही. एआयचं मॉडेल घडवायला लंडनची जवळीक खरंच लागते का यावर जाणकारांतही मतभेद आहेत, लोकांना चटकन उत्तर देणाऱ्या सेवांना ती लागते, पण अर्जात दोन्ही ‘क्षमतेची गरज’ या एकाच शब्दात बसतात.

साउथ मिम्सची जागा ऑक्टोबर २०२५ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीने घेतली. तिथली आणि ॲबट्स लँगलीची परवानगी बाह्यरेखेची आहे, म्हणजे इमारती नेमक्या कशा दिसणार, झाडं कुठे लावणार हे तपशील परत कौन्सिलसमोर यायचे, आणि त्या वेळी रंगाचा मुद्दा कोणाला उकरून काढता येणार नाही.