एफसी गोवाची ताबाप्रधान शैली (२०१७–२०२०)

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेतील एफसी गोवा या संघाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या काळात स्वीकारलेली खेळपद्धती. चेंडू जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे ठेवायचा आणि तो गमावला की मागे न पळता तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे, ही तिची दोन अंगे. दमलेल्या संघाला असे तुटून पडणे (प्रेसिंग) जमत नाही, आणि चेंडू पायात असताना संघ कमी दमतो. म्हणून ही दोन्ही अंगे एकत्रच शिकवावी लागतात.

२०१५ चा उपविजेता गोवा २०१६ मध्ये तळाला गेला आणि ब्राझीलचे प्रशिक्षक झिको यांची कारकीर्द संपली. २०१७ मध्ये आलेले लोबेरा बार्सिलोनाच्या मुशीतले. फेरान कोरोमिनास (कोरो), मान्युएल लान्झारोते, एदू बेदिया आणि मोरोक्कोचा अहमद जाहू हे त्याच वर्षी संघात दाखल झाले.

बदलाची सुरुवात गोलरक्षकापासून झाली. लांब किक मारण्याऐवजी तो चेंडू जवळच्या बचावपटूला देई. दोन सेंटरबॅक (मधले बचावपटू) रुंद पसरत, जाहू त्यांच्या मध्ये उतरून चेंडू घेई आणि मान वर करून पलीकडच्या बगलेला लांब पास टाकी. कोरोचे गोल लोकांच्या लक्षात राहिले, पण यंत्रणा चालायची ती जाहूच्या पायांवर. मंदार राव देसाई या गोव्याच्याच विंगरला (बगलेच्या हल्लेखोराला) लेफ्टबॅक (डावा बचावपटू) करण्यात आले. बचावपटूला हल्ला शिकवण्यापेक्षा हल्लेखोराला बचाव शिकवणे सोपे, हा त्यामागचा हिशेब असावा.

पहिल्या हंगामात या शैलीची किंमतही मोजावी लागली. बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढलेली असल्याने पाठीमागे मोकळे रान असे, आणि पहिला दाब चुकला की प्रतिस्पर्धी थेट गोलरक्षकासमोर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात बेंगळुरू एफसीचा गोलरक्षक लाल कार्ड मिळून पूर्वार्धातच बाहेर काढला गेला. गोवा ३–१ ने पुढे होता, तरी दहा जणांच्या बेंगळुरूने ३–३ अशी बरोबरी साधली. कोरोच्या हॅटट्रिकने सामना ४–३ असा वाचवला. त्या साखळीत गोव्याने १८ सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले.

२०१८ मध्ये उंचापुरा सेनेगाली सेंटरबॅक मुर्तदा फाल आणि स्पेनचा कार्लोस पेन्या आले, तेव्हा मागची बाजू सावरली. त्या साखळीत गोव्याने केवळ २० गोल खाल्ले. अंतिम सामना मात्र बेंगळुरूविरुद्ध जादा वेळेत ०–१ ने गेला. एप्रिल २०१९ मध्ये सुपर कप मिळाला. जानेवारी २०२० च्या अखेरीस, साखळीचे तीनच सामने उरले असताना लोबेरांना काढण्यात आले. व्यवस्थापनाची कारणे काहीही असोत, खेळाच्या अंगाने हा निर्णय समजण्यापलीकडचा होता. हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली संघाने जमशेदपूरला ५–० ने हरवून साखळीतले अव्वल स्थान पक्के केले आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि जाहू, फाल, मंदार व गोव्याचाच मिडफिल्डर ह्यूगो बूमू हेही तिकडे गेले. गोव्याने हुआन फेरांदो यांच्याकडे सूत्रे देऊन शैली तीच ठेवली. २०२१ च्या उपांत्य फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले. दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या आणि मुंबई पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकली.