मुलांच्या रक्तातील सीडी४ पेशी : आकडा की टक्केवारी?

जन्मतः बाळाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल या प्रकाराचे पारडे जड असते. पहिल्या आठवड्यात लिम्फोसाइट हा दुसरा प्रकार त्यांना गाठतो, चार-पाच वर्षांपर्यंत पुढे राहतो आणि मग पुन्हा मागे पडतो. १९व्या शतकाच्या अखेरीस रंगद्रव्यांमुळे पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखता येऊ लागले, तेव्हापासून हा उलटफेर हळूहळू नोंदला गेला. उपयोग मात्र बराच काळ एवढाच, की धडधाकट मुलाच्या रिपोर्टातले जास्त लिम्फोसाइट पाहून कोणी घाबरू नये.

१९७५ मध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडे (एकाच ठरावीक खुणेला चिकटणारी प्रथिने) तयार करण्याचे तंत्र आले आणि लिम्फोसाइटांचे उपप्रकार मोजता येऊ लागले. पुढच्याच दशकात एचआयव्ही आला; तो लिम्फोसाइटांचा सीडी४ हा उपप्रकार नष्ट करतो. प्रौढांमध्ये घनमिलीमीटरमागे २०० सीडी४ पेशी ही धोक्याची रेषा ठरली. तान्ह्या बाळांना ती लावणे निरर्थक होते: निरोगी बाळात या पेशी ३,०००च्या आसपास असतात आणि वयाबरोबर आपोआप उतरतात. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारा फुफ्फुसांचा गंभीर संसर्ग) झालेल्या कित्येक बाळांचे आकडे २००च्या कितीतरी वर होते. म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेत या न्यूमोनियाच्या प्रतिबंधक औषधासाठी वयानुसार रेषा आखल्या गेल्या. वर्षाखालील बाळांसाठी १,५००. तीही अपुरी पडली. १९९५ मध्ये, आईला एचआयव्ही असेल तर बाळाला आकडा न पाहता औषध सुरू करा, असे सांगावे लागले. चार वर्षे या आकड्यावर विसंबण्याची किंमत बाळांनी मोजली, हे इथे नमूद करायलाच हवे.

खरा गुंता टक्केवारीचा. एकूण लिम्फोसाइटांपैकी सीडी४ किती, हे प्रमाण वयाबरोबर आकड्याइतके घसरत नाही, म्हणून पाच वर्षांखालील मुलांसाठी तेच भरवशाचे मानले गेले. बाधित मुलांच्या १९९४च्या अमेरिकी वर्गीकरणात प्रतिकारशक्ती किती खालावली हे ठरवणाऱ्या २५ आणि १५ टक्के या रेषा सर्व वयांना सारख्याच होत्या. सोय मोठी होती. शिवाय अनेक प्रयोगशाळांत टक्केवारी थेट फ्लो सायटोमीटरवर (पेशींचे उपप्रकार मोजणाऱ्या यंत्रावर) निघे, तर आकड्यासाठी दुसऱ्या यंत्रावरच्या लिम्फोसाइट संख्येने गुणावे लागे. दोन यंत्रांच्या चुका एकत्र येत. पण स्थिर माप म्हणजे उपयोगी माप, हे गृहीत धरण्यात घाई झाली. आजार किती बळावेल हे सांगण्यात टक्केवारी आकड्यापेक्षा फारशी भर घालत नाही, असे २००८च्या सुमारास अनेक देशांतल्या मुलांच्या एकत्रित माहितीतून दिसले. एचआयव्ही संसर्गाच्या टप्प्यांच्या २०१४च्या अमेरिकी व्याख्येत वयानुसार आकड्याला पहिला मान मिळाला. टक्केवारी फक्त आकडा नसेल तेव्हा.

तोवर उपचार सुरू करण्यापुरता हा वाद मागे पडत चालला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २००८ मध्ये वर्षाखालील, २०१० मध्ये दोन वर्षांखालील आणि २०१३ मध्ये पाच वर्षांखालील सर्व बाधित मुलांना सीडी४ न पाहता एचआयव्हीविरोधी औषधे द्यायला सांगितले. २०१५ मध्ये वयाची अटही गेली. आता ही मोजणी मुख्यतः प्रतिकारशक्ती किती खालावली आहे आणि प्रतिबंधक औषधे कधी थांबवायची, हे ठरवायला लागते.