स्ट्रिंगची तुलना आणि पॉइंटर (सी भाषा)

सी भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार नाही. मेमरीत ओळीने मांडलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच तिची व्याख्या. लांबी कुठेही नोंदलेली नसते, शून्य भेटेपर्यंत वाचत जायचे. प्रोग्रामच्या हाती असतो तो फक्त पहिल्या बाइटचा पत्ता, म्हणजेच पॉइंटर. त्यामुळे दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का, हा प्रश्न पॉइंटर कळल्याशिवाय सुटत नाही. उलट पॉइंटर समजून घ्यायला याहून चांगला प्रश्नही सापडणार नाही.

ही मांडणी डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली तेव्हापासूनची आहे. १९८९च्या अमेरिकी प्रमाणकानेही ती तशीच ठेवली.

दोन स्ट्रिंगमध्ये समानता तपासणारे == हे चिन्ह घातले की सी भाषा अक्षरांकडे पाहतही नाही, पत्ते ताडून बघते. गोव्यात शांतादुर्गेचे देऊळ कवळ्याला आहे आणि फातर्प्यालाही आहे. नाव एक, ठिकाणे दोन. == विचारते ते ठिकाण, आपल्याला हवे असते ते नाव. अ‍ॅरे (ओळीने मांडलेल्या घटकांचा संच) याचे नाव वापरले तरी फरक पडत नाही, कारण तुलनेच्या वेळी त्या नावाचा पहिल्या घटकाचा पॉइंटर होतो. यातला खरा धोका असा की कधी कधी == चे उत्तर बरोबर येते. ‘फोंडा’ हा शब्द प्रोग्राममध्ये दोनदा जसाच्या तसा लिहिला असेल, तर कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) दोन्हींसाठी एकच प्रत ठेवू शकतो. मग पत्ते जुळतात आणि चूक झाकली जाते. तोच शब्द कीबोर्डवरून घेतला की तुलना फसते.

मजकुराची तुलना करायची ती ‘स्ट्रकम्प’ या फंक्शनने. ते दोन पॉइंटर घेते, दोन्ही एकेक बाइट पुढे सरकवते आणि फरक दिसला किंवा शून्य आले की थांबते. दोन्ही स्ट्रिंग समान असतील तर उत्तर ०, पहिली आधी येत असेल तर ऋण, नंतर येत असेल तर धन. समानतेला ० मिळते आणि सी ० ला ‘खोटे’ मानते, त्यामुळे अट तपासणाऱ्या ‘इफ’च्या कंसात नुसते स्ट्रकम्प लिहिले की अर्थ नेमका उलटा होतो. ऋण उत्तर -१च असेल असेही धरून चालू नये, प्रमाणक फक्त चिन्हाची हमी देते. ओळ वाचणाऱ्या ‘एफगेट्स’ या फंक्शनने वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह राहते, म्हणून ‘फोंडा’ टाइप करूनही तो ‘फोंडा’शी जुळत नाही. हे चिन्ह आधी काढून टाकावे लागते.

देवनागरीत हे सगळे अधिक बारकाईने पाहावे लागते. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या प्रमाण यादीतली चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मात्रासुद्धा. ‘वाळपई’ची लांबी म्हणून १५ हा आकडा मिळतो आणि शेवटच्या शून्यासह अ‍ॅरेत १६ बाइटची जागा लागते. आता ‘वाळपई’ आणि ‘वास्को’ स्ट्रकम्पला द्या. पहिले आठ बाइट सारखे निघतात. नवव्या जागी ‘ळ’चा १७९ आणि ‘स’चा १८४ समोरासमोर येतात, म्हणून वाळपई आधी. पण मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडने मात्र त्याला ल आणि व यांच्या मधे बसवले आहे. म्हणजे गोव्यातल्या गावांची यादी नुसत्या स्ट्रकम्पने लावली तर ती मराठी कोशाच्या क्रमाने लागणार नाही. त्यासाठी भाषेचे नियम निवडणारे ‘सेटलोकेल’ आणि त्या नियमांनी तुलना करणारे ‘स्ट्रकोल’ आहेत, तेही यंत्रातल्या लोकेलमध्ये (भाषेनुसारच्या नियमांच्या संचात) मराठीचे नियम नीट भरलेले असतील तरच उपयोगी. आपली भाषा यंत्रावर आणणाऱ्याने हे काम स्ट्रकम्पवर सोडू नये.

यादी लावताना पॉइंटरची आणखी एक पायरी समोर येते. गावांच्या नावांचा पॉइंटर-अ‍ॅरे ‘क्यूसॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या फंक्शनला दिला, तर तुलनेच्या फंक्शनला नाव मिळत नाही. मिळतो तो नावाच्या पॉइंटरचा पॉइंटर. स्ट्रकम्प थेट तिथे अडकवले तर ते पत्त्यांचेच बाइट अक्षरे समजून वाचते. मधे एक छोटे फंक्शन लिहून तारांकनाने (* या चिन्हाने) पॉइंटरची एक पायरी उतरावी लागते.

दिसायला एक पण बाइटने वेगळे अशी लिखाणेही मराठीत नेहमी आढळतात. ‘दऱ्या’तला अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त वापरून लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना शब्द एकच, स्ट्रकम्पला दोन. अशा मजकुराला तुलनेआधी एकाच रूपात आणावे लागते. युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणे एका रूपात आणण्याचे नियम) या दोन लिखाणांना एक करत नाही, त्यामुळे हा नियम प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच घालावा लागतो.